आपल्या अक्षरास शोभेल अशी निब

सुवाच्य अक्षर हें विद्यार्थ्याचें भूषण आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अक्षर वाईट आलें म्हणजे आपण प्रथम हाताला दोष देतों, मग मनाच्या उतावीळपणाला देतों, आणि शेवटीं शाळेला. परंतु ज्या साधनानें आपण लिहितों त्याकडे मात्र क्वचितच पाहतों. लेखणीचें टोंक अक्षराच्या मानानें जाड असलें, तर चांगल्या हाताचें लेखनही चिखलांत उमटलेल्या पावलांसारखें दिसतें. आणि तें फार बारीक असलें, तर तेंच लेखन कागदावर ओरखडे काढल्यासारखें दिसतें. म्हणून झरणीची, म्हणजे फाउंटन पेनची, निब निवडतांना काय पाहावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाला याचा धडा आठव्या इयत्तेंत मिळाला. त्या वर्षीं हळदीची पट्टी हातीं आल्यावर वडिलांनीं मला हिंगोलीच्या बाजारांतून एक झरणी घेऊन दिली. दुकानदारानें चार पेनें पुढें ठेविलीं. त्यांतून जिची रेघ सर्वांत ठळक व काळीभोर उमटली, ती मीं हट्टानें मागून घेतली. सहामाही परीक्षेंत ‘औंढ्याची जत्रा’ या विषयावर तिनेंच निबंध लिहिला. गर्दींत हरवलेल्या बहिणीला शोधावयास ‘माझा भाऊ धावला’ असें मीं लिहिलें होतें. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हां त्या ओळीखालीं तांबडी रेघ होती, आणि समासांत गुरुजींनीं लिहिलें होतें, “माऊ घावला, पण बहीण सांपडली कीं नाहीं ?”

सगळा वर्ग हंसला. मला मात्र रडूं आलें, कारण गुणही कापले गेले होते. गुरुजींनीं मला जवळ बोलाविलें, टेबलाच्या खणांतून एक जुनी, बारीक निबेची झरणी काढली, आणि तेंच वाक्य पुन्हा लिहावयास सांगितलें. हात तोच, शाई तीच, कागदही तोच. परंतु भाऊ पुन्हा भाऊ झाला आणि धावूं लागला. वडिलांनीं कष्टाच्या पैशानें घेतलेली ती ठळक झरणी मात्र पुढें पेटींतच पडून राहिली. तिच्यांत दोष कांहींच नव्हता. ती माझ्या अक्षराची नव्हती, इतकेंच.

आपल्या पूर्वजांपुढें हा प्रश्न निराळ्या रीतीनें येई. त्यांची लेखणी बाजारांतून तयार येत नसे. बोरू म्हणजे एका जातीच्या उंच गवताची पोकळ काडी. ती चाकूनें तासावी, टोंकाला तिरका छेद द्यावा, मधोमध चीर पाडावी, आणि मग दौतींत बुडवून लिहावें. बारीक लिहावयाचें असेल तर टोंक बारीक तासावें, मोठें लिहावयाचें असेल तर रुंद ठेवावें. आपल्या या भागांत १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें. तेव्हां सरकारी कागद उर्दूंत, व्यापाऱ्यांचे व कुळकर्ण्यांचे जुने हिशेब मोडींत, आणि पोथ्या बाळबोधांत, अशीं तीन वळणें एकाच गांवांत दिसत. ज्याचें जसें वळण तसा त्याच्या लेखणीचा छेद. बाळबोध अक्षरांत उजवीकडून डावीकडे खालीं उतरणारी तिरकी रेघ जाड असते व डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक असते. इंग्रजी सुलेखनांत याच्या नेमकें उलट. म्हणून इंग्रजीसाठीं तासलेली लेखणी बाळबोधास चालत नसे. सारांश, पूर्वीं अक्षर पाहून लेखणी तासत असत. धातूची निब आपल्याला तासतां येत नाहीं. म्हणून जें काम पूर्वीं चाकू करी तें आतां निवडीनें करावें लागतें.

समर्थ रामदासांचा जन्म आपल्या मराठवाड्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं झाला. त्यांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला वाहिला आहे. बोरू कसे निवडावे, शाई व कागद कसे सिद्ध करावे, अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें कसें काढावें, हें त्यांत क्रमानें सांगितलें आहे. त्यांतील दोन सूचना आपल्या विषयाला फार उपयोगी आहेत. एक अशी कीं, तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं वाचतां येत नाहीं, म्हणून लेखन मध्यम असावें. दुसरी अशी कीं, पहिलें अक्षर जसें काढलें तसेंच ग्रंथ संपेपर्यंत निघावें, जणूं सर्व एकाच टांकानें लिहिलें आहे. या दोन्ही सूचनांकडे आपण पुढें पुन्हा येऊं.

बोरूनंतर पोलादी निबेचा टांक आला. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं अशा निबांचे मोठे कारखाने होते. टांक घडोघडीं दौतींत बुडवावा लागे. शाई पोटांत ठेवणाऱ्या लेखणीचे प्रयत्न पुष्कळ झाले, परंतु शाई कधीं अडे तर कधीं भळकन् सांडे. अमेरिकेंत लुई वॉटरमन यांनीं १८८४ सालीं शाईचा प्रवाह बेताचा राखणाऱ्या झरणीचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून ती खऱ्या अर्थानें उपयोगी वस्तु झाली.

तिची रचना समजून घेतली म्हणजे निवड सोपी होते. निबेखालीं जो काळा भाग असतो त्याला आपण जीभ म्हणतों. तिला बारीक चरे असतात. निबेच्या मधोमध टोंकापर्यंत एक चीर असते, आणि बहुतेक निबांत चिरेच्या मुळाशीं एक लहान भोंक असतें. समईच्या वातींत तेल जसें आपोआप वर चढतें, तशीच शाई जिभेच्या चऱ्यांतून व निबेच्या चिरेंतून आपोआप टोंकाशीं येते. याला केशाकर्षण म्हणतात. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आंत येते. म्हणून झरणीनें लिहितांना जोर लावावा लागत नाहीं. टोंक कागदाला नुसतें टेकलें कीं पुरे.

निबेच्या अगदीं टोंकाला एका कठीण मिश्रधातूचा चिमुकला मणी जोडलेला असतो. निब पोलादाची असो वा सोन्याची, कागदावर फिरतो तो हा मणी. म्हणून सोन्याच्या निबेनें अक्षर सुधारतें ही समजूत खरी नाहीं. सोनें शाईनें गंजत नाहीं व थोडें लवचिक असतें, एवढाच त्याचा गुण. रेघेची जाडी ठरते ती मण्याच्या आकारावर. निबेवर इंग्रजी अक्षरें कोरलेलीं असतात: ‘ईएफ’ म्हणजे अतिबारीक, ‘एफ’ म्हणजे बारीक, ‘एम’ म्हणजे मध्यम, आणि ‘बी’ म्हणजे जाड. पाश्चात्य कारखान्यांच्या बारीक निबेची रेघ साधारणपणें ०.६ मिलिमीटर, मध्यम निबेची ०.८ आणि जाड निबेची १ मिलिमीटर किंवा अधिक भरते. परंतु हें माप सर्वत्र एक नाहीं. जपानी कारखान्यांची मध्यम निब बहुधा पाश्चात्य बारीक निबेच्या जवळ येते, आणि त्यांची बारीक निब ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. याचें कारण विचार करण्याजोगें आहे. जपानी लिपींतील चित्राक्षरांत एका लहान चौकोनांत दहा-पंधरा रेघा बसवाव्या लागतात. जाड निबेनें त्यांचा ठिपका होईल. म्हणजे ज्या देशाचें अक्षर दाट, त्या देशाची निब बारीक.

आतां आपल्या अक्षराकडे वळूं. बाळबोध अक्षर इंग्रजीपेक्षां दाट व जपानीपेक्षां विरळ आहे. त्याच्या डोक्यावर शिरोरेघ असते. तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार. खालीं उकार व ऋकार. नेहमींच्या रेघी वहींत दोन ओळींत सुमारें ८ मिलिमीटर अंतर असतें. वर मात्रेला व खालीं उकाराला जागा सोडली म्हणजे अक्षराच्या अंगाला साडेतीन मिलिमीटर उरतात. एवढ्या उंचींत ‘इ’ काढून पाहा. शिरोरेघ, वरचा वळसा, खालचा वळसा व शेपटी मिळून वरून खालीं निदान चार रेघा एकाखालीं एक येतात, आणि त्यांच्यामध्यें तीन पांढऱ्या फटी राहाव्या लागतात. निब ०.८ मिलिमीटरची असेल तर चार रेघांनींच ३.२ मिलिमीटर व्यापले. तीन फटींना मिळून ०.३ उरले. एवढ्या फटी शाई पसरतांच बुजतात. एक मिलिमीटरची निब असेल तर हिशेबच बसत नाहीं. परंतु निब ०.४ मिलिमीटरची घेतली, तर रेघा १.६ मिलिमीटर व्यापतात आणि प्रत्येक फटीला ०.६ मिलिमीटरहून अधिक जागा मिळते. अक्षराला श्वास घेतां येतो.

तेवढ्याच उंचीच्या इंग्रजी ‘ई’ या लहान अक्षरांत तीनच रेघा व दोनच फटी असतात. म्हणून जी मध्यम निब इंग्रजीच्या वहींत सुरेख दिसते, तीच मराठीच्या वहींत गिचमीड करते. ‘माझें इंग्रजी अक्षर चांगलें आणि मराठी वाईट’ असें म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांचें दुखणें हेंच असतें.

या हिशेबांतून एक सोपा नियम निघतो. चार रेघा व तीन फटी मिळून सात भाग होतात. म्हणून निबेच्या रेघेची जाडी आपल्या अक्षराच्या उंचीच्या सातव्या भागाहून अधिक नसावी. अक्षराची उंची साडेतीन मिलिमीटर असेल तर रेघ फार तर अर्ध्या मिलिमीटरची. पांच मिलिमीटर असेल तर ०.७ ची चालेल. अडीचच असेल तर अतिबारीक निबेवांचून गत्यंतर नाहीं. अक्षराची उंची फूटपट्टीनें मोजतां येते. रेघेची जाडी एवढी लहान कशी मोजावी, असें कोणी विचारील. कागदावर दहा उभ्या रेघा एकमेकींना चिकटून, मध्यें पांढरें न राहील अशा ओढाव्या, आणि त्या सर्वांची मिळून रुंदी मोजावी. ती पांच मिलिमीटर भरली तर एक रेघ अर्ध्या मिलिमीटरची, हें उघड आहे.

माझ्या निबंधांतील भावाचा माऊ कसा झाला, हेंही येथें उलगडतें. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या माथ्यावर शिरोरेघ अखंड नसते. तेथें एक लहानसा वेढा व त्याच्याजवळ एक फट असते. जाड निबेनें वेढा भरला आणि फट बुजली कीं ‘भ’ चा ‘म’ होतो व ‘ध’ चा ‘घ’. अनुस्वार शिरोरेघेला चिकटला कीं दिसेनासा होतो. ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ण’, ‘हृ’ यांचा तर काळा गोळाच होतो. तपासणाऱ्याला आपल्या मनांतलें दिसत नाहीं. त्याला कागदावरचें दिसतें.

अक्षराच्या उंचीनंतर हाताची प्रकृति पाहावी. कित्येकांचा हात जड असतो. जोर पडला कीं निबेची चीर उघडते व रेघ मोठी होते. अशांनीं निब एक पायरी बारीक घ्यावी, परंतु ती ताठ असावी. मात्र अतिबारीक घेऊं नये, कारण तिचें अणकुचीदार टोंक जड हातानें कागदांत रुततें. ज्यांचा हात हलका आहे व जे भराभर लिहितात, त्यांना अतिबारीक निबेनें रेघ फिकट व तुटक येते. त्यांनीं बारीक निब घ्यावी. डावऱ्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. उजवा हात निबेला ओढीत नेतो, डावा तिला ढकलीत नेतो, आणि पुष्कळदां ओल्या शाईवरूनच पुढें सरकतो. त्यांना बारीक पण गोल टोंकाची निब बरी. ती शाई कमी सोडते म्हणून ओळ लवकर वाळते, आणि टोंक गोल असल्यामुळें ढकलतांना रुतत नाहीं. पालकांना येथें एक विनंति आहे. मुलगा डावा असेल तर त्याचा हात बदलूं नका. त्याची निब बदला.

कांहीं निबांचें टोंक गोल नसून चपटें असतें. त्या बहुधा इंग्रजी सुलेखनासाठीं केलेल्या असतात. त्यांनीं मराठी लिहिल्यास जाडी नको त्या बाजूस येते, याचें कारण वर छेदाविषयीं सांगतांना आलेंच आहे. नित्याच्या मराठी लेखनाला गोल टोंकाचीच निब घ्यावी.

कागद आणि शाई यांचा विचार केल्याशिवाय निबेचा विचार पुरा होत नाहीं. खरखरीत व सच्छिद्र कागद शाई पितो आणि रेघ फुगवितो. आडत दुकानच्या पट्टीचा कागद, हलक्या वहीचा कागद, हे या जातीचे होत. अशा कागदावर बारीक निब मध्यम होते आणि मध्यम निब जाड होते. गुळगुळीत कागदावर याच्या उलट. म्हणून निबेची पारख ज्या वहींत रोज लिहावयाचें त्याच वहींत करावी. ज्या पट्टीखालीं कार्बन कागद घालून दुसरी प्रत काढावयाची असते तेथें मात्र झरणी घेऊंच नये. तिचा हलका स्पर्श खालपर्यंत पोंचत नाहीं. तें काम बॉलपेनचें.

शाईच्या बाबतींत आपल्या महाराष्ट्राचा एक इतिहास आहे. मुंबईंत गिरगांवांत १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला. त्यांचा शिक्का घोड्याचा होता. पुढें त्यांनींच खास झरणीसाठीं उंटाच्या छापाची शाई काढली, आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ या शब्दांवरून त्यांच्या उद्योगाला कॅमलिन हें नांव पडलें. झरणीची शाई निराळी असावी लागते ती उगीच नव्हे. चित्रकलेच्या काळ्या शाईंत लाखेसारखें चिकट द्रव्य असतें. तें वाळलें कीं जिभेचे चरे बंद होतात. तशी शाई झरणींत कधींही घालूं नये. पाणी घालून शाई वाढविण्याचीही संवय वाईट. अशी शाई फिकट दिसते व अधिक पसरते. झरणी मधून मधून साध्या गार पाण्यानें धुवावी. अडलेली झरणी झटकून भिंतीवर व शेजाऱ्याच्या सदऱ्यावर नक्षी काढणाऱ्यांस याहून अधिक काय सांगावें !

आतां दुकानांत गेल्यावर काय करावें तें पाहूं. आपली वही बरोबर न्यावी. निब शाईंत बुडवून नुसती सही करूं नये, कारण सही कोणत्याही निबेनें रुबाबदार दिसते. पांच ओळी नेहमींच्या वेगानें लिहाव्या. त्यांत ‘भात’, ‘धन’, ‘इच्छा’, ‘ईश्वर’, ‘श्रद्धा’, ‘कृष्ण’, ‘हृदय’, ‘ज्ञान’, ‘क्षेत्र’, ‘संध्या’ हे शब्द अवश्य यावे. मग वही हातभर दूर धरून पाहावें. फटी उघड्या दिसतात का, अनुस्वार सुटे दिसतात का, तें पाहावें. पान उलटून शाई पलीकडे फुटली आहे का, तें पाहावें. शेवटीं डोळे मिटून एक ओळ ओढावी आणि टोंक खरखरतें का, तें बोटांना विचारावें. या चार परीक्षांत जी उतरली ती आपली निब, मग ती स्वस्त असो. एरवीं शंका असेल तर मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें मध्यमपेक्षां बारीकच निवडावी.

आज पुष्कळ विद्यार्थी बॉलपेननें किंवा जेलच्या पेननें लिहितात. त्यांनाही हाच नियम लागू आहे. पेनावर जो ०.५ किंवा ०.७ आंकडा असतो तो टोंकाच्या गोळीचा व्यास होय. कागदावरची रेघ त्याहून किंचित् बारीक येते. लहान व दाट अक्षर असणाऱ्यानें ०.५ चें घ्यावें. मोठें व मोकळें अक्षर असेल तर ०.७ चेंही चालेल.

बारीक निबेची इतकी शिफारस वाचून कोणी तिचा अतिरेक करील, म्हणून समर्थांची पहिली सूचना पुन्हा आठवावी. अक्षर इतकें बारीक नसावें कीं वाचणाऱ्याच्या डोळ्यांस शीण व्हावा. शेंकडों उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाचे डोळे, आणि मुलाचें पत्र दिव्यापाशीं धरून वाचणाऱ्या आजीचे डोळे, हे दोन्ही ध्यानांत धरावे. वडील मंडळींनीं स्वतःसाठीं अक्षर थोडें मोठें काढावें आणि त्या मानानें मध्यम निब घ्यावी. अक्षर वाढवून निब वाढविली तर बाध नाहीं. अक्षर लहान ठेवून निब वाढविली तरच घात होतो.

समर्थांची दुसरी सूचना अशी होती कीं, सर्व लेखन एकाच टांकाचें वाटावें. याचें एक थोर उदाहरण आपल्या देशापुढें आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकृत झालेल्या भारताच्या संविधानाची इंग्रजी प्रत छापण्याऐवजीं हातानें लिहिली गेली. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं ती सर्व प्रत तिरप्या वळणांत लिहिली. त्यासाठीं त्यांनीं ३०३ क्रमांकाची निब निवडली. अशा शेंकडों निबा झिजल्या, परंतु पहिल्या पानाची रेघ आणि शेवटच्या पानाची रेघ सारखीच राहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनीं आपल्याच बाळबोध लिपींत लिहिली. या प्रती संसदेच्या ग्रंथालयांत जपून ठेविल्या आहेत. एवढ्या मोठ्या कामाच्या आरंभींही प्रथम निबच ठरवावी लागली.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, पुढच्या वेळीं झरणी घ्याल तेव्हां तिच्या टोपणाची चमक व क्लिपेची नक्षी शेवटीं पाहा. अगोदर आपलें अक्षर फूटपट्टीनें मोजा, त्याचे सात भाग करा, आणि त्यांतील एका भागाएवढी निब मागा. एकदां योग्य निब मिळाली म्हणजे ती दर महिन्यास बदलूं नका. हात व निब यांची ओळख सवडीनें होते. पालकांनीं मुलास बक्षीस म्हणून पेन देतांना तें गुपचूप आणून चकित करण्यापेक्षां, मुलाला व त्याच्या वहीला बरोबर घेऊन दुकानांत जावें. त्यांत बक्षिसाची गंमत थोडी कमी होईल खरी. परंतु तें पेन पेटींत पडून राहणार नाहीं, आणि परीक्षेच्या दिवशीं कोणाच्याही भावाचा माऊ होणार नाहीं.